शहापूरच्या गल्लीचं एकमत

खळीचा वास आला की शहापुरातली आमची विणकरांची गल्ली आठवते आणि आजही संताप येतो.

प्लेगाचं साल होतं. गल्लीभर उभ्या धाग्यांचा ताणा पसरून, त्याला खळ लावून पाजणी चालली होती. ताण्याचं टोक धरलेली विठाक्का म्हणाली, "आप्पा, माझ्या घरात उंदरं मरून पडाय लागल्यात. नातवाला घिऊन माळावर झोपडीत जाते. समदीच चला की."

आप्पा गल्लीचे पंच. त्यांनी मान वर केली नाही. "गल्ली एक हाय, आक्का. तुला जायाचं तर जा. मग तुझा ताणा कोण धरंल, उंदरं?"

सगळे हसले. ज्यांच्या घरांत उंदीर पडले होते, तेही हसले. पाजणी एकट्या घराला जमत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या हसण्यालाच आम्ही तेव्हा एकी समजत होतो.

विठाक्का गेली नाही. आधी तिचा नातू गेला, मग आप्पांचा थोरला मुलगा. स्मशानातून परतताना आप्पा म्हणाले, "काय बी झालं, गल्ली फुटली न्हाय."

तेव्हाही सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या पाजणीला ताणा अर्ध्या गल्लीतच संपवावा लागला. पलीकडे धरायला माणसंच उरली नव्हती.