पिएदादबाईंचा तालमूद

मालवणच्या शाळेतून पिएदादबाई निवृत्त झाल्या, आणि गोव्याच्या एका फादरांनी फोनवर तालमूदचा वर्ग सुरू केला. तालमूद म्हणजे ज्यू गुरूंच्या शेकडो वर्षांच्या वादचर्चांचा ग्रंथ. येशू ज्या लोकांत वाढला त्यांची रीत कळावी, म्हणून बाई बसल्या. जन्मभर धर्मशिक्षणाच्या तासाला त्यांनी परुशी, म्हणजे येशूच्या काळचे ज्यू धर्मपंडित, ढोंगी असंच शिकवलं होतं. त्या परुश्यांच्याच परंपरेतलं तालमूदमधलं माणुसकीचं बोलणं ऐकून त्या वरमल्या.

एका मंगळवारी फादरांनी सांगितलं की चारचौघांत कुणाला लाजवणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, असं हे गुरू मानत. तोंडावरची लाली जाते आणि ते पांढरं पडतं. बाईंनी वही मिटली.

तसं तोंड त्यांनी पाहिलं होतं. सातवीतला लवू. स्वतःचं घड्याळ दिसेना म्हणून बाईंनी वर्गासमोर त्याचं दप्तर उलटं केलं, चोर म्हटलं. तो पुन्हा शाळेत आला नाही. चार दिवसांनी घड्याळ त्यांच्याच छत्रीच्या घडीत सापडलं. चर्चमध्ये पापं कबूल करताना त्या एवढंच म्हणाल्या, की मुलांवर फार रागावते.

बत्तीस वर्षांनी त्या फोंडाघाटला गेल्या. लवूचं विळे-कोयत्यांचं दुकान होतं. त्याने ओळखलं, खुर्ची दिली. बाईंनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

लवूने हातातला कोयता खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, ह्यां माका एकट्याक सांगतास. त्या दिवशी आख्खो वर्ग होतो."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. बाई उठल्या.

"ह्येका मी चोर म्हटलंय. ह्येना चोरी करूक नाय. घड्याळ माझ्याचकडे गावलां, आणि मी गप रवलंय."

लवूने त्यांना बसवलं, चहा मागवला. "माझी आवस, सावित्री, मरापर्यंत त्या शाळेच्या वाटेन गेली नाय," तो म्हणाला. "तिका आता कोण सांगतलो?"

माफ केलं असं तो म्हणाला नाही. बाईंनीही विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी त्यांनी फादरांना विचारलं, जिची माफी मागायची ती मेली असेल तर? फादर म्हणाले, दहा माणसं घेऊन तिच्या थडग्यापाशी जावं आणि त्यांच्यासमोर आपला अपराध कबूल करावा, असं गुरू सांगतात.

सावित्रीला थडगं नव्हतं. तिला अग्नी दिला होता. बाईंनी लवूला फोन लावला आणि त्याच्या आईच्या वाडीत अजून कोण कोण राहतं, ते विचारलं.