तिनं कूस सांगितली नव्हती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चादर पिळणं.

रविवार होता. कापसाच्या जिनाला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, सुट्टी, म्हणून मी घरी. गुंफानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरची जाड चादर नळावर धुतली. जाड चादर एकट्या माणसाकडून पिळली जात नाही. एक टोक तिच्या हाती, एक माझ्या. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि दर रविवारी हेच चालायचं. पिळता पिळता भांडणही व्हायचं.

"जोर लावा ना वो," ती म्हणाली. "जिनात का निसते बसूनच राह्यता?"

एवढं बोलली आणि तिचं टोक सुटलं. चादर चिखलात पडली. ती नळाच्या ओट्यावर टेकली. तोंड उघडं, छाती भात्यासारखी वरखाली, ओठ जांभळे. मी म्हटलं, उद्या दवाखाना. पहिल्यांदाच ती नाही म्हणाली नाही.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात आम्ही सकाळपासून बाकावर बसलो. डॉक्टर तरुण होते. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. पायाच्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच. एक्स-रे काढायला लावला. मग विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?"

आला होता. दहा वर्षांची असताना.

"मायट्रल स्टेनोसिस," डॉक्टर म्हणाले. मग आमची तोंडं पाहून समजावून सांगितलं. हृदयात कप्पे असतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात रक्त जातं तिथं झडप असते. त्या तापानं ती झडप आतून चिकटत जाते. रक्त पुढं सरकत नाही, मागं फुफ्फुसात तुंबतं. म्हणून दम.

"किती दिवसांपासून दम लागतो?"

"आठ दिवस झाले असतीन साहेब," गुंफा म्हणाली.

मी तिची पिशवी धरून बाजूला उभा होतो. पोळ्यापासून तिला दम लागत होता आणि आता दिवाळी होऊन गेली होती. मला माहीत होतं. मी गप्प राहिलो.

हे सगळं लिहायला बसलो ते एवढ्या एका गोष्टीसाठी. तुमच्या घरचं माणूस डॉक्टरासमोर खोटं बोलत असेल तर तुम्ही तरी तोंड उघडा. शपथ घातली असेल तरी उघडा.

तिनं मला शपथ घातली होती. का, ते सांगतो.

गुंफा आजाऱ्यांची सेवा करायला लोकांच्या घरी जायची. आमच्या मोहल्ल्यातल्या नऊ बाया हेच काम करायच्या. घरात म्हातारं माणूस खाटेला खिळलं की यांना बोलावणं यायचं. आंघोळ घालणं, हगणं-मुतणं काढणं, कूस बदलणं, पाठीला तेल लावणं. आम्ही बौद्ध झालो त्याला थोडीच वर्षं झाली होती. मोठ्या घरांतून गुंफाला चुलीपाशी जाता येत नव्हतं, पण खाटेपाशी चालत होतं. चहाचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला. ती तो कप उचलायची तेव्हा हसायची. म्हणायची, "घरातल्या सुनेले सोताचा कप नाई, मले हाय."

या बायांची एक रीत होती. एकीनं काम सोडलं आणि दुसरी लागली की पहिलीनं खाटेपाशी उभं राहून दुसरीला आजाऱ्याचं सगळं सांगायचं. कोणत्या कुशीवर निजतो, कुठं दुखतं, पाणी किती ऊन लागतं, रागावला तर काय बोलायचं. याला त्या म्हणायच्या कूस सांगणं. कूस सांगितली म्हणजे जागा दिली. न सांगता कोणी कोणाच्या जागेवर बसायचं नाही.

बाकी त्यांच्या कामाला काहीच नियम नव्हता. आठवड्याची सुट्टी नाही. बाई चार दिवस तापानं पडली की पगार बंद, पाचव्या दिवशी जागाही गेली.

आमच्या जिनात युनियन होती. एक दिवस गुंफानं माझं कार्ड हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. "याच्यावर आजारपनाची रजा लिवली हाय ना? मंग आमाले काऊन नाई? आमी तं आजाऱ्यातच राह्यतो."

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. म्हटलं, "गुंफे, युनियनले फाटक लागते. आमी फाटकासमोर बसतो. तुमी कोन्या फाटकासमोर बसान?"

तिनं कार्ड परत माझ्या हातात दिलं. आठ दिवसांनी नऊच्या नऊ बाया आमच्या अंगणात आल्या. मी चौथीपर्यंत शिकलेला, लिहिता येत होतं म्हणून कागद माझ्या पुढ्यात ठेवला. तीन मागण्या. आठवड्याला एक दिवस सुट्टी. बाई आजारी पडली तर जागा तिचीच. बरी होईपर्यंत अर्धा पगार.

"आन नाई देल्लं तं?" मी विचारलं. "आजारी मानूस सोडून संप करान का?"

शेवंता म्हणून गुंफाची जोडीदारीण होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, "भाऊजी, संप काऊन करू? आमी बदली म्हनून जाऊ. म्हाताऱ्याले उपाशी नाई ठेवनार. पन जिची जागा तिनं कूस सांगतली नाई, तवरोक कायमची म्हनून एकही बाई त्या घरात पाय ठेवनार नाई. हे आमचं फाटक."

मी कागद लिहिला. पेन्सिल दोनदा मोडली.

बरीच घरं हो म्हणाली. पण सगळ्यांचं लक्ष वकीलसाहेबांच्या घराकडं होतं. तिथं गुंफा त्यांच्या आईला, मायजीला, सांभाळायची. म्हातारीचं मांडीचं हाड मोडलं होतं, दोन वर्षं ती खाटेवर. वकीलसाहेब म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे सगळ्या गल्लीचं बघू.

आणि त्याच दिवसांत गुंफाला दम लागू लागला. म्हातारीला उचलताना लागायचा, मग जिना चढताना, मग नुसतं बोलताना.

"दवाखान्यात चाल," मी म्हणायचो.

"वकीलसाहेबाले हो म्हनू द्या पयले. आता मी पडली तं लोक म्हनतीन, सोतासाठीच मांडलं हिनं सारं. आठी बायांचं वाटोळं होईन. कोनाले सांगसान तं माही शपत हाय."

मी पण युनियनचाच माणूस. मला ते पटलं. चूक तिथंच झाली. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाचा ठोका सावकाश आणि जोरानं पडायची गोळी. मीठ बंद. आणि खाली मोठ्या अक्षरात, पूर्ण विश्रांती. ती मला म्हणाली, "काय लिवलं, वाचा." मी वाचलं. ती हसली. "माय वं! आमच्या कागदावरचंच औषद देल्लं की."

चिठ्ठी घेऊन मी वकिलाच्या घरी गेलो. अंगणात उभा राहिलो. शेवंता बदली म्हणून आत होती. वकीलसाहेब ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. चिठ्ठी वाचून म्हणाले, "आजारी आहे तर बसू दे घरी. पण मी दोन-दोन बायांना पगार द्यायचा? एक काम करणार आणि एक झोपून राहणार?"

जिनात मालकासमोर आम्ही चाळीसजण असायचो. इथं मी एकटा, चपला हातात.

आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. हाड मोडलं होतं, आवाज नाही. "बाळ्या, कोण आलं रे?"

"गुंफाचा नवरा, आई."

"मग ऐक. मी दोन वर्षं झोपून आहे. काय काम करते रे मी तुझ्या घरात?"

वकीलसाहेबांनी चिठ्ठीची घडी घातली.

"तरी दोन्ही वेळ वाढतोस ना मला? की अर्धंच वाढतोस?"

शेवंता आतून फिस्सकन हसली. वकीलसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी झोपाळा थांबवला आणि मला म्हणाले, "पहिल्या तारखेला अर्धा पगार न्यायला ये. आणि तिला सांग, जागा तिचीच आहे."

संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं. घरोघरी तीच गोष्ट, बायकांनी रंगवून रंगवून सांगितली. गुंफा उशीला टेकून ऐकत होती. मला ती संध्याकाळ अजून दिसते. जिनाचा भोंगा झाला, लोक डोक्यावर उडालेल्या कापसाची भुरकी घेऊन घरी परतत होते, आणि अंगणात आठ बाया एकमेकींना टाळ्या देत होत्या. अमरावतीत तेव्हा रात्री आभाळ भरून चांदण्या दिसायच्या. आता मी एकटाच अंगणात बसतो, पण तेवढ्या दिसत नाहीत. माझे डोळे गेले असतील.

पगाराचं झालं, आजाराचं झालं नाही.

पंधरा दिवसांनी पायाची सूज पोटावर आली. दवाखान्यात भरती केलं. मर्सालिलचं इंजेक्शन द्यायचे, म्हणजे अंगातलं तुंबलेलं पाणी लघवीवाटे काढायचं. इंजेक्शन झालं की दोन दिवस बरं, मग परत तेच. तिथंही ती स्वस्थ बसली नाही. शेजारच्या खाटेवरच्या पोरीला सांगायची, अशी नको निजू, पाठीले जखम होईन. नर्स म्हणायची, "गुंफाबाई, इथं पेशंट तुम्ही आहात हो." ती म्हणायची, "हो बाई, पन हात ऐकत नाई."

अठरा दिवसांनी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"मुंबईला ही झडप उघडतात," ते म्हणाले. "छाती उघडून बोटानं मोकळी करतात. पण आता हृदय फार सुजलंय. तीन-चार महिन्यांपूर्वी आली असती तर मी स्वतः चिठ्ठी देऊन पाठवलं असतं. तुम्ही म्हणालात आठच दिवस झाले."

मी म्हणालो नव्हतो. मी गप्प होतो. पण ते एकच.

त्या दिवशी मी खरं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडं गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आणल्यावर तिला आडवं निजता येत नव्हतं. आडवं झालं की पाणी गळ्यापर्यंत येतं असं वाटायचं. तिनंच मला शिकवलं. खुर्ची गादीवर पालथी घालायची, तिच्या पाठीवर उशा रचायच्या आणि माणसाला टेकवून बसवायचं. मी बिनमिठाचं वरण करायचो आणि तेच मीही खायचो.

"तुमचं मीठ काऊन बंद?" ती विचारायची. "झडप तुमची चिकटली का?"

शेवंता दर दोन दिवसांनी यायची. म्हातारी हैराण करते म्हणायची. ही कूस नको, ती नको, गुंफा कधी येते. "बाई, थोडंसं सांग ना वं," शेवंता म्हणायची.

"नाई सांगत," गुंफा म्हणायची. "मीच येनार हावो."

शेवंता मग माझ्याकडं बघायची. जागा तिची होती. जोवर सांगत नव्हती तोवर ती बरी होणार होती.

मकरसंक्रांत झाल्यावर एका दुपारी मी तिच्या पायाला तेल लावत होतो. ऊन दारात आलं होतं. ती म्हणाली, "आवो, ऐकून घ्या. शेवंताले सांगजा."

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"मायजीले उजव्या कुशीवर नाई निजवायचं, हाड तिकडचं हाय. डाव्या कुशीवर, आन दोन गुडघ्याच्या मधात उशी. उचलाले गेलं का वरडते, म्हनून उचलाचंच नाई. खाली चादर दुहेरी घालाची, दोघांनी दोन टोकं धराची आन सरकवाचं. पाठ पुसाले पानी कोमट, जास्त ऊन नाई. आन ते बोलून राह्यली तं मधात टोकाचं नाई. तिले ऐकाले कोनी नाई."

थांबत थांबत, दम घेत घेत सांगितलं. मग म्हणाली, "ध्यानात राहीन ना? लिवून घ्या पायजे तं."

"राहीन," मी म्हटलं.

उन्हं उतरायच्या आत, त्या पालथ्या खुर्चीला टेकून बसल्या बसल्याच, गुंफा गेली. संध्याकाळी आम्ही तिला पोचवून आलो. माणसांनी घर भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि निघालो. भाऊ म्हणाला, आज कुठं चालला? मी म्हटलं, कामावर. त्याला वाटलं जिनात.

वकिलाच्या अंगणात गेलो तेव्हा शेवंता दारातच होती, रडून डोळे सुजलेले. मला पाहून मी कशाला आलो ते तिला कळलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि मला आत, खाटेपाशी नेलं. वकीलसाहेब मध्ये आले नाहीत.

मी म्हातारीच्या खाटेपाशी उभा राहिलो आणि जसं सांगितलं होतं तसं सगळं सांगितलं. उजवी कूस नाही. गुडघ्यात उशी. पाणी कोमट. बोलताना टोकायचं नाही. ते म्हातारीसमोरच बोललो. ती छताकडं बघत ऐकत होती.

"चादर दुहेरी कर," मी शेवंताला म्हणालो.

एक टोक तिनं धरलं, एक मी. म्हातारी डाव्या कुशीवर आली. ओरडली नाही. मी टोक धरूनच उभा होतो. शेवंता म्हणाली, "भाऊजी, झालं. सोडा आता."