अंबडच्या प्रेसचे दोन फोटो

नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका छोट्या एजन्सीत मी कंटेंट लिहायचो. मराठीत एम.ए. झालेल्या माणसाला लिहिण्याचा पगार मिळतो, याचंच मला अप्रूप होतं. दातांचे डॉक्टर, बिल्डर, द्राक्ष निर्यातदार, सगळ्यांसाठी लिहिलं. दोन वर्षांनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला पत्र्याचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना माझ्याकडे सोपवला गेला. त्यांना कामगारांच्या सुरक्षिततेवर पोस्ट हव्या होत्या.

फोटो काढायला मी कारखान्यात गेलो. पत्रा दाबून कापणारी प्रेस खाली आदळली की पायाखालची फरशी हादरायची. एका प्रेसवर सुरगाण्याकडचा ऑपरेटर होता, साधारण माझ्याच वयाचा. प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. त्यातलं एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं.

"हे असं का?" मी विचारलं.

"एका हातानं लवकर होतं," ऑपरेटर म्हणाला. "माल कमी निघाला की बोलणी खायची."

तोवर मी एक फोटो काढला होता. सुपरवायझर जवळ आला. "बटण फोटोत घेऊ नका साहेब."

मी बाजूला सरकून दुसरा काढला. त्यात फक्त ऑपरेटर आणि त्याचं हसू. खाली लिहिलं, 'इथे प्रत्येक हात मोलाचा आहे.' क्लायंट खूश झाला.

पुढच्याच आठवड्यात त्या प्रेसने ऑपरेटरच्या उजव्या हाताची चार बोटं तोडली. मला हे त्याच कारखान्यात काम करणाऱ्या त्याच्या भावाकडून कळलं. भर दुपारी तो भाऊ एजन्सीचा पत्ता काढून ऑफिसात आला. शर्टावर रक्त वाळलेलं. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. माझीच पोस्ट होती.

"हे कोणी लिवलं?"

"मी."

पहिला ठोसा नाकावर बसला. मी खुर्चीसकट मागे पडलो. मग लाथा, बरगड्यांत, पोटात. माझा मॉनिटर उचलून त्याने भिंतीवर फोडला. मारताना तो ओरडत नव्हता, सांगत होता. "बोटं पत्र्याला चिकटली व्हती. मी काढली. पिशवीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हनला, बसायची नाय."

एजन्सीचा मालक, वॉचमन आणि खालच्या दुकानातले दोघे धावत आले. त्यांनी त्याला जिन्यावरून खाली ओढलं आणि पार्किंगमध्ये पट्ट्याने, पाइपने मारायला लागले. मी नाक धरून जिन्यात उभा होतो. खोटं कशाला सांगू, पहिले काही फटके मला बरे वाटले. मग त्याचा कान फाटला, आणि डोकं झाकायचं सोडून तो नुसता पडून राहिला. तेव्हा मी खाली उतरलो आणि मध्ये पडलो. एक पाइप माझ्या कोपरावर बसला.

"सोडा त्याला," मी म्हणालो.

मालक म्हणाला, "चल, पोलिसात तक्रार दे."

"देणार नाही."

मी वर गेलो, कॅमेऱ्याचं कार्ड काढलं आणि पार्किंगमध्ये बसलेल्या भावाच्या हातात दिलं. त्यात चिकटपट्टी लावलेल्या बटणाचा पहिला फोटो होता. मालकाला कळल्यावर माझी नोकरी त्याच दिवशी गेली.

पुढे ऑपरेटरच्या वकिलाने तो फोटो कोर्टात दाखवला आणि कारखान्याला चूक कबूल करावी लागली. मी साक्ष दिली. त्याआधी, मारामारीनंतर दोनच दिवसांनी, मी ऑपरेटरला भेटायला दवाखान्यात गेलो होतो. तो म्हणाला, "पोस्ट गावाकडं सगळ्यांना पाठवली होती मी. फोटो चांगला आला होता." भाऊ खिडकीत उभा होता, कानाला टाके.

आता मी स्वतःचंच काम करतो. यंत्रांच्या वापराच्या सूचना साध्या मराठीत लिहितो, पोस्टर, छोटे व्हिडिओ करतो. आधी दिवसभर यंत्रापाशी उभा राहतो, मगच लिहितो. ही अट ऐकून निम्मे क्लायंट परत जातात. परवा एका कारखानदाराने माझा मजकूर वाचून कागद टेबलावर आपटला. 'हात तुटेल' हे शब्द काढा म्हणाला, कामगार घाबरतात.

मी नाही म्हणालो. त्याने कागद उचलून पुन्हा वाचला. मग त्याने बेल मारून फोरमनला आत बोलावलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्याने."