जुलैत मोकळी दिसलेली जागा

मी तसा भांडकुदळ माणूस. रिक्षावाल्याशी वाद घालतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवतो, बायको म्हणते तुम्हाला गप्प बसायचं औषध मिळतं का बघा. आणि ज्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं, नेमकी त्याच दिवशी माझी दातखीळ बसली.

माझं काम आधी सांगतो. मीरा-भाईंदर वाढतंय, नवे रस्ते कुठून न्यायचे ते ठरवायचं, तर आज कुठल्या जमिनीवर काय आहे ते आधी बघावं लागतं. ते बघायचं काम एका खाजगी कंपनीकडे होतं आणि त्या कंपनीत मी. नकाशे घेऊन वणवण फिरायचं. घर दिसलं की पिवळा रंग, दुकान दिसलं की निळा, शेत असेल तर हिरवा, आणि काहीच नसेल तर कागद पांढरा सोडायचा. रस्ता आखणाऱ्यांचा डोळा त्या पांढऱ्यावर, कारण तिथे कुणाचं काही पाडावं लागत नाही. काशीगावापासून समुद्रापर्यंत सगळं पायाखालून घातलं. राहायला जेसल पार्कला, म्हणजे शहर माझंच, मला कोण काय शिकवणार!

किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात मी गेलो तो जुलैमध्ये. पाऊस मी म्हणत होता. वाडीच्या मागे मोठं मैदान, चिखल, गवत, दुसरं काही नाही. एका म्हातारीनं मला पडवीत बसवलं, कोरा चहा दिला. विचारलं, "काय मोजतोस रे बाबा?"

"काही नाही मावशी, नुसतं बघतोय," मी म्हणालो. कोण समजावत बसणार, सहा वाड्या बाकी होत्या. चहा संपवला आणि मैदान पांढरं सोडून निघालो.

डिसेंबरात एका रविवारी बायको-मुलीला घेऊन समुद्रावर निघालो होतो. त्याच वाडीवरून गेलो आणि स्कूटर थांबवली. मैदान बोंबलांनी भरलेलं! बांबूच्या उंच परांचीसारख्या रांगा, दोरीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले हजारो बोंबील, आणि खाली बायकांची लगबग. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बांबू उतरवून ठेवतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मात्र गिरगावातून आलेला शहाणा, आयुष्यभर सुके बोंबील खाल्ले आणि ते कुठे, कधी सुकतात ते मला माहीत नाही.

सोमवारी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "कागद पुढे गेलेत. एक रंग बदलला की रस्ता हलणार, रस्ता हलला की बाकीचं सगळं. हरकतींच्या सुनावणीत बघू." मी हो म्हणालो. भांडलो नाही. बढतीचं चाललं होतं माझ्या, खोटं कशाला बोलू?

सुनावणीला म्हातारी आली, वाडीतल्या चार बायकांना घेऊन. आखलेला रस्ता मैदानाच्या मधून जात होता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, जागेचे कागद आहेत का? तिच्याकडे कागद कुठले असणार. तिनं खोलीभर नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली आणि तिचा चेहरा खुलला.

"ह्यो आमच्याकडं आलता. पडवीत बसून चहा प्यायलाय. ह्याला इचारा, ह्यानं सगळं पायलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारी वरिष्ठ. मी म्हणालो, "सर, पाहणीच्या दिवशी जागा मोकळी होती."

यात एक शब्द खोटा नव्हता. तीच तर लाज आहे. डिसेंबर माझ्या जिभेवर होता आणि मी तो गिळला. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

"खरं बोलतो तो," म्हातारी साहेबांना म्हणाली. "पावसात मोकलीच असते. पावसात काय न्हाय तिथं." साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

जिन्यात ती भेटली. गुडघे धरले होते तिचे, तिनं उतरायला माझाच हात धरला. सगळ्या पायऱ्या उतरून झाल्यावर म्हणाली, "तुझी नोकरी हाय बाबा, मला कलतं. पन तुज्याकडं आख्ख्या शहराचा नकाशा हाय ना? मग बघून सांग, बोंबील सुकवायला दुसरी मोकली जागा कुठं हाय. आमी तिथं जाऊ."

नकाशाची गुंडाळी माझ्या काखेत होती. उघडायची गरज नव्हती, एकूण एक तुकडा मला पाठ होता. जिथे जिथे मी पांढरं सोडलं होतं, तिथे कुठे रस्ता आला होता, कुठे पार्किंग, कुठे बाग. तिच्यासाठी वीतभर जागा उरली नव्हती.

"बघून सांगतो मावशी," मी म्हणालो, आणि तिनं विश्वास ठेवला.