हवेत मारलेला बार

वरातीत बंदूक कुणाच्या हातात होती?

एवढंच विचारलं होतं मी. अण्णांना विचारलं, बबनला विचारलं, पोपटला विचारलं. तिघंही माझ्या दादाचे जिवलग दोस्त. एक म्हणाला, "जाऊ दे रे आता." दुसरा म्हणाला, "जेवलास का?" तिसरा मोबाईल बघायला लागला.

उत्तर नाही, पण किस्से विचारा! अण्णांच्या बंदुकीचे किस्से आमच्या वस्तीवर इतके साठलेत की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. मीही हसायचो. आता तेच सांगतो. बघा, हसू येतं का.

*

पहिला परवान्याचा. अर्जात जिवाला धोका दाखवावा लागतो. अण्णांच्या जिवाला धोका कसला? शुगर होती, तेवढीच! मग त्यांनी चुलतभावाला बोलावलं. "बबन्या, चौकात चार माणसांसमोर मला धमकी दे."

बबननं उभ्या जन्मात अण्णांपुढं मान वर केली नव्हती. चौकात उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, "अण्णा, तुमाला सोडनार न्हाई बरं का! आता चहा घेऊनच जावा."

चौकशीला आलेले हवालदार म्हणाले, "धमकी देनारा अहो-जाहो करतोय व्हय?"

तरी परवाना मिळाला.

*

एकदा उसात बिबट्या शिरला. सगळे ओरडले, "अण्णा, बंदूक आना!" अण्णा ऐटीत आले. बंदूक खांद्यावर, काडतुसं कपाटात, कपाटाची किल्ली वहिनींच्या कमरेला आणि वहिनी पारनेरला माहेरी!

शेवटी माझ्या आईनं पत्र्याचा डबा बडवला. बिबट्या गेला.

पोपट म्हणाला, "अण्णा, बंदूक इका आन् डबा घ्या!"

वस्ती लोळून हसली. अण्णांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आजपासनं भरूनच ठिवतो. बघू कोन हसतंय." त्यावर पण आम्ही हसलो. कुणाच्याही तोंडून "असं करू नका" आलं नाही. माझ्याही नाही.

*

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. अण्णांची पण गेली. दर चार दिवसांनी ते तिला बघायला जायचे, सासरी दिलेल्या लेकीला बघायला जावं तसे.

हवालदार म्हणाले, "अण्णा, महिना झाला हिच्याबिगर. जिवंत हाय की तुमी!"

त्या संध्याकाळी हॉटेलात वाद पेटला. अण्णा टेबल बडवत म्हणाले, "माझा जीव राखायला सरकार येनार हाय का? ठाणं पंधरा किलोमीटर! माझ्या घरात काय ठिवायचं ते मी ठरवनार. सोतंत्र देश हाय ना?"

हॉटेलवाला म्हणाला, "आन् तुमच्यापास्नं आमचा जीव कोन राखनार?"

तेव्हा अण्णांची बाजू कुणी घेतली माहिती आहे? माझ्या दादानं! म्हणाला, "अण्णाचं बराबर हाय. वस्तीवर दरोडा पडला तर मानसानं काय करायचं? सरकारला फोन लावायचा?"

तो खरंच तसं मानायचा. आज असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. आता कुणाशी भांडू?

*

बबनच्या पोराचं लग्न झालं. वरातीचा डीजे माझ्या टेम्पोत होता, मी स्टेअरिंगवर. दादा बबनच्या स्लॅबवर उभा होता. खालून नवरा-नवरी आले की फुलं टाकायची, हे काम त्यानं मागून घेतलं होतं.

कोणीतरी ओरडलं, "अण्णा, एक बार होऊ द्या!" अण्णा, बबन, पोपट, तिघांत बंदूक या हातातून त्या हातात गेली; गर्दीत मला तेवढंच दिसलं. बार झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. डीजे चालूच. मीसुद्धा हॉर्न वाजवला!

मग वरून फुलांची टोपली पडली.

सगळे सांगतात, बार हवेत मारला. हवेत माझा दादा होता.

*

पोलिसांनी मोबाईल मागितले. नवरदेव घोड्यावर चढला, त्याचे व्हिडिओ निघाले. पंगतीचे निघाले. गुलाबजामाचा क्लोजअप निघाला. बार उडाला त्या वेळी मात्र सगळ्या वरातीची मेमरी फुल्ल!

पोपट माझ्यासमोर म्हणाला, "साहेब, मी नेमका खाली बसून बुटाची नाडी बांधत हुतो."

पोपटनं जन्मात बूट घातला नाही. त्या दिवशीही चप्पलच होती.

*

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिघं घरी आले. अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, एक काम कर. ठाण्यात सांग, दादानंच बंदूक वर मागून घेतली हुती. त्याच्याच हातनं सुटली. घरच्या मानसानं सांगितलं की पटतं."

बबन म्हणाला, "गेलेल्याला काय शिक्षा हुनार हाय? जिता मानूस तरी वाचंल."

आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही.

मी म्हणालो, "बसा टेम्पोत."

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला. वाटेत पोपट मला शिकवत होता, साहेबांसमोर कसं बोलायचं, कुठं थांबायचं, कुठं रडायचं. मी "व्हय, व्हय" म्हणत होतो.

ठाण्यात हवालदारांनी कागद पुढं ओढला. "हं, बोल. काय झालं?"

अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

मी म्हणालो, "साहेब, माझ्या दादाच्या दोन्ही हातांत टोपली हुती. बंदूक खाली हुती, ह्या तिघांत. आज मला घरी काय शिकवलं आन् वाटेत काय शिकवलं, ते पण लिहून घ्या."

मी बोलत गेलो, त्यांनी लिहिलं. मी सही केली. सही करायला मला वेळ लागतो, तेवढा वेळ हवालदारांनी कागद बोटानं धरून ठेवला.

हवालदारांनी तीन खुर्च्या मांडल्या, "आता तुमचा तिघांचा जबाब," म्हणाले आणि दार लोटलं. अण्णा म्हणाले, "बाळा, पानी..."

मी टेम्पोतली बाटली आणली. आधी अण्णांना दिलं, मग बबनला, मग पोपटला. तिघांना पोटभर पाणी पाजलं आणि रिकामा टेम्पो घेऊन घरी आलो.