रोजचा उपास

परवा आमच्या संस्थेत माझा सत्कार झाला. एकजण माईकवर म्हणाला, "सरोजिनीबाईंनी गोरगरिबांच्या चाळीच्या चाळी पायाखाली घातल्या." मी मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं, काय ही विनयशील बाई! विनय कसला, कपाळ माझं. मला गंगुबाई आठवल्या होत्या, आणि त्या आठवल्या की आजही कुठे तोंड लपवू असं होतं.

साल अठ्ठावन्न. मी तेवीस वर्षांची, गिरगावातल्या पाठारे प्रभूंच्या घरातली, समाजसेवेचा कोर्स नुकताच केलेली. एका आरोग्य समितीला क्षयाचा दवाखाना काढायचा होता, पण एकच. तो वरळीच्या बीडीडी चाळींत काढायचा की दुसऱ्या वस्तीत, हे घरोघरच्या पाहणीवरून ठरणार होतं. जिथे आजारी जास्त, तिथे दवाखाना, सुया-गोळ्या फुकट. माझ्या वाट्याला वरळीची एक चाळ आली. चार मजले, ऐंशी खोल्या, दर खोलीला एक फॉर्म. नियम मोठा कडक: आजार घरच्या माणसाने स्वतः सांगितला तरच लिहायचा.

वाट दाखवायला गंगुबाई आल्या. पन्नाशीच्या, काटक, गिरणीच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात वीस वर्षं उभ्याने काढलेल्या. नवरा लवकर गेला, पोराला एकटीने वाढवलं. चाळीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातांवर जन्मलेली. कुणाचं दूध आटलं, कोण कामावर चक्कर येऊन पडलं, सगळं त्यांना तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी त्या बौद्ध झाल्या होत्या. घरातले देव स्वतः नेऊन समुद्रात सोडले आणि देवांच्या फळीवर बुद्धाची तसबीर ठेवली. दवाखाना आपल्याकडेच यावा म्हणून त्यांनी कामावर खाडे केले होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं. "बाई, आमच्यात दारात दुखणं सांगत नाहीत. ह्या बोळात सतरा कान. गिरणीत कळलं तर काम जातं, पोरीचं ठरलेलं लगीन मोडतं. आत जायचं, बसायचं, चहा घ्यायचा. कप निम्मा झाला की माणूस आपसूक बोलतं."

"मला आज उपास आहे," मी म्हणाले.

"उपासाला चहा चालतो की!"

"माझा कडक असतो."

उपास! अहो, घरून बोंबलाचं कालवण आणि भात चापून निघाले होते मी. आमच्या घरात त्यांच्या हातचं पाणी चालत नसे. 'मी असलं काही मानत नाही' हे मी चारचौघांत ठणकावून सांगायची. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात गिरणीवाल्या बायकांच्या खांद्याला खांदा लावून घसा बसेपर्यंत ओरडले होते. पण कुणी कप पुढे केला की तोच घसा 'उपास' म्हणायचा. आत गेलं की चहा आलाच, म्हणून मी आतच जात नसे.

अकरा दिवस मी उंबऱ्याबाहेर उभी राहून पाहणी केली. "सगळे बरे ना?" "बरे." पडद्याआडून खोकल्याची ढास. "कोण खोकलं?" "शेजारचं." मी लिहायची: निरंक.

गंगुबाईंचा जीव खालीवर व्हायचा. एकदा जिन्यात त्यांनी माझा हात धरला. "सात नंबरात पोरगी रगत थुंकते. लिहा की, बाई!"

"घरच्यांनी सांगायला हवं."

"सांगतील हो, तुम्ही बसा तर!"

मी हात सोडवून घेतला. गंगुबाईंच्या शेजारच्या कांताने एकदा अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "बाई, आज बुधवार. आज कुठल्या देवाचा?" गंगुबाईंनी तिला डोळे वटारून गप्प केलं. माझी लाज त्या राखत होत्या, आणि मला त्याचाही राग आला. शी! काय बाई होते मी.

स्वतःची खोली त्यांनी शेवटी ठेवली होती. तेवीस नंबर. शेवटच्या दिवशी दाराशी गेले तर उसनी खुर्ची मांडलेली, आणि स्टुलावर कोरी कपबशी, शेजारी किटली. आत पडद्यामागे कोणीतरी झोपलं होतं. गंगुबाई माझ्या अगदी जवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, कप नवा आहे. आमच्यातल्या कुणाचं तोंड लागलेलं नाही. चहा मी केला नाही, नाक्यावरच्या इराण्याकडनं आणलाय. तेवढं बसा. मला माझ्या कोंडीरामाचं सांगायचंय."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना सगळं कळत होतं.

तेव्हा बसले असते तरी चाललं असतं. पण माझी चोरी पकडली गेली होती, आणि मला तिथे क्षणभरही उभं राहवेना. "आज संकष्टी आहे," मी पुटपुटले आणि पळाले. अक्षरशः पळाले हो. मागून कोंडीरामचा खोकला जिन्यापर्यंत ऐकू येत होता. ऑफिसात बसून मी तेवीस नंबरचा फॉर्म भरला. निरंक.

ऐंशी खोल्यांत तीन आजारी. समितीचे डॉक्टर म्हणाले, "अक्षर सुरेख आहे तुमचं. आणि चाळही छान निरोगी निघाली." तेव्हा तरी तोंड उघडायचं! मी "थँक यू" म्हणाले. दवाखाना दुसऱ्या वस्तीत गेला.

साठ सालच्या मे महिन्यात राज्य झालं. गिरगावात पेढे वाटले गेले. सगळे नाचत होते आणि मला मात्र घरात बसवेना. पेढ्यांचा एक पुडा घेतला आणि वरळीला गेले. गंगुबाई वाळून अर्ध्या झाल्या होत्या. फळीवर बुद्धाच्या शेजारी एका तरण्या मुलाचा फोटो होता, हार घातलेला. मी उंबरा ओलांडून सरळ जमिनीवर बसले.

त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा टाकला, कडा उडालेल्या त्यांच्या रोजच्या कपात मला दिला. मी घोट घेतला, जीभ भाजली, तरी थांबले नाही. कप निम्मा झाला. मग त्या बोलायला लागल्या.

"सात नंबर. पोरगी गेल्या श्रावणात गेली. अकरा नंबर, दोघं भाऊ, धाकटा अजून अंथरुणात. सोळा नंबर, बाळंतीण होती, दोन्ही जीव गेले." पहिला मजला, दुसरा, तिसरा. रडणं नाही, शिव्या नाहीत. एकेक खोली घेत होत्या, जशी मी घ्यायला हवी होती. शेवटी त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"तेवीस नंबर. कोंडीराम. वय पंचवीस."

माझ्या एका हातात कप होता, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा.

"लिहा की, बाई," गंगुबाई म्हणाल्या. "आता घरच्या माणसानं सांगितलंय."