मनोहरच्या नावाला ओ

आमच्या कंपनीत नकाशा वाचणारे खूप होते. पावलं मोजणारा एकच होता. लान्स नायक मनोहर. उमरेडच्या अलीकडच्या एका खेड्यातला. मी नागपूरचा. बर्फातल्या पोस्टवर नागपूरकडची दोन माणसं एकाच सेक्शनमध्ये येणं म्हणजे नशीबच. मी हवालदार, सेक्शन कमांडर. तो पेसर.

पेसर म्हणजे काय ते सांगतो. धुक्यात किंवा दाट झाडीत समोरचं दिसत नाही. दिशा कंपास दाखवतो. पण किती चालून आलो ते कंपास सांगत नाही. ते पायानं मोजावं लागतं. पेसर पावलं मोजत चालतो आणि दर शंभर मीटरला उजव्या खिशातला एक खडा डाव्या खिशात टाकतो. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. मोजणी तुटली तर अख्खी गस्त हरवली.

मनोहर त्या पोस्टवरच राहिला. ते पुढं सांगतो.

मी सातवी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण यंदाच्या हिवाळ्यात जे झालं ते मीच लिहायला पाहिजे.

मनोहरच्या गावच्या जंगलात आम्ही जुने फौजी दर वर्षी ओरिएंटिअरिंगची स्पर्धा घेतो. हातात नकाशा आणि कंपास. जंगलात नारिंगी-पांढरे झेंडे लावलेले असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. ते नंबरानं शोधायचे, तिथं टांगलेल्या पंचनं कार्डाला भोक पाडायचं आणि दोन तासांत परत यायचं. एक कंट्रोल सुटला तर बाद. वेळ गेली तर बाद. शेवटचा कंट्रोल गावाबाहेर, मनोहरच्या नावाचा दगड आहे तिथं. सगळे परत आले की सुभेदार कोहळे साहेब आमच्या जुन्या सेक्शनचा रोल कॉल घेतात. त्यात मनोहरचं नाव असतं. त्या नावाला ओ द्यायचा मान साठीच्या वरच्या गटात जो पहिला येईल त्याचा.

स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून तो मान माझा. दुसऱ्या कोणाला मिळू दिला नाही.

यंदा मला डेंगू झाला. पूर्ण हप्ता पलंगावर. कांतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पपईच्या पानाचा रस पाजला, बकरीचं दूध पाजलं. मोहल्ल्यात ज्यानं जे सांगितलं ते पाजलं. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, ताप गेला, आता आराम करा. त्यातलं पहिलं मी ऐकलं.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बूट काढून पुसायला बसलो.

"काहून काढले बूट?" कांतानं विचारलं.

"उद्या लागतात."

"पाय उचलत नाही तुमचा. घरात चप्पल घासत चालून राहिले. मले स्वयंपाकघरात ऐकू येते."

"चप्पल ढिली झाली."

"चप्पल नाही, माणूस ढिला झाला."

"चूप बस वं."

ती चूप बसली नाही. पण सकाळी पाण्याची बाटली आणि गूळ-फुटाणे पिशवीत घालून दिले. पहिल्या उमरेड बसनं निघालो.

स्टार्टवर कोहळे साहेबांनी मला खालून वर पाहिलं.

"वामन, तोंड पाहिलं काय आरशात?"

"पाहिलं साहेब. जुनंच हाये."

ते हसले नाहीत. मला बाजूला नेलं. "यंदा बसून राहा गा. ओ तूच दे. कोणी काही म्हणत नाही."

"बसून ओ देत नसतात, साहेब."

त्यांनी कार्ड हातात दिलं.

एकेकाला थोड्या थोड्या वेळानं सोडतात. माझ्या मागच्या नंबरावर सुरेश भोयर होता. मौद्याचा, रिटायर्ड नायक. यंदाच साठी ओलांडून आमच्या गटात आलेला. पाय हरणाचे. माणूस चांगला. पण तो आमच्या पलटणीचा नव्हता. मनोहरला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मला तेच खात होतं. ज्यानं चेहरा पाहिला नाही तो त्याच्या नावाला ओ देणार?

आठ वाजता मी निघालो. थंडी होती, तरी पहिल्याच चढावर घाम फुटला. पहिले तीन कंट्रोल मोजणीचे नव्हते. एक बंधाऱ्याच्या भिंतीला, एक दोन नाले मिळतात तिथं, एक मुरमाच्या टेकडीवर. डोळे असले की सापडतात. मी म्हटलं, चाललं. वामन अजून वामन आहे.

चौथा कंट्रोल सागाच्या प्लॉटात, एका खड्ड्यात होता. तिथं सगळी झाडं सारखी, जमीन सपाट, पाचोळा घोट्यापर्यंत. वीस पावलांपलीकडचा खड्डा दिसत नाही. बैलगाडीच्या रस्त्याच्या वळणावरून कंपास लावायचा आणि सरळ चारशे मीटर आत जायचं. मी खिशात खडे मोजून घेतले आणि निघालो. चौथा खडा डाव्या खिशात पडला. थांबलो.

खड्डा नव्हता.

डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. एक चक्कर मारली. नाही. परत वळणावर आलो. कंपास पुन्हा लावला, पुन्हा मोजत गेलो. चौथा खडा पडला. तेच साग, तोच पाचोळा. मी मनात म्हटलं, झेंडा लावणाऱ्यानंच चूक केली. मोजणी माझी आहे, ती चुकत नाही.

मागून पाचोळा वाजला. भोयर आला.

"भाऊ, बरं हाये ना?"

"मले काय धाड भरली? तू आपल्या रस्त्यानं जा."

"चक्कर गिक्कर येऊन राहिली असंन तर..."

"जा म्हटलं ना!"

तो गेला. कुठं गेला ते मी पाहिलं नाही. मुद्दाम पाठ फिरवली. दुसऱ्याच्या मागं जाऊन घेतलेला कंट्रोल माझा नाही.

त्याच्या पावलांचा आवाज बंद झाला आणि खरोखरच चक्कर आली. झाडाला हात लावला. झाड हलतंय असं वाटलं. खाली बसलो. छातीत ठोके इतके जोरात की दुसरं काही ऐकू येईना. घड्याळ पाहिलं. अर्ध्याहून जास्त वेळ गेला होता, आणि हा सोडून अजून तीन कंट्रोल बाकी. गळ्यात शिटी होती. सहा वेळा वाजवली की लोक धावत येतात आणि माणूस बाद होतो. भोयर तर पुढं गेलाच होता. मी शिटी ओठांत धरली.

तेव्हा मनोहर आठवला.

अशीच वेळ होती, फक्त सगळीकडं पांढरं. आम्ही आठ जण गस्तीवरून परत येत होतो. दुपारीच बर्फाचं धुकं उतरलं. पुढचा माणूस दिसेना. उजवीकडं कडा होता. ठरलेल्या अंतरावर डावीकडं वळायचं होतं. आधी वळलो तर खडकात अडकणार, उशिरा वळलो तर कड्यावरून खाली. रेडिओवर पोस्ट विचारू लागली. अल्फा म्हणजे आम्ही.

"अल्फा, लोकेशन बताओ. ओव्हर."

"अल्फा. लोकेशन नहीं पता. वेट. ओव्हर."

मनोहर हप्ताभर तापात पडून त्याच दिवशी पहिल्यांदा बाहेर निघाला होता. मी त्याला विचारलं, किती झालं? तो थांबला. सगळ्यांसमोर म्हणाला, "उस्ताद, माझं पाऊल आज लहान पडून राहिलं. या मोजणीवर वळू नका. पहिले दोर पसरवा."

मागून एक जवान हसला. "पाँव छोटा हो गया? साडी पहन ले."

"पहन लूँगा," मनोहर म्हणाला. "पहले तू घर पहुँच जा."

दोराची लांबी आम्हाला माहीत होती. तो बर्फावर पसरवला. मनोहर त्याच्या बाजूनं चालला. नेहमीची पावलं संपली, तरी दोराचं टोक पुढंच राहिलं. त्यानं नवा हिशोब धरला. तेवढं चालून आम्ही वळलो. काही वेळानं पोस्टची तार हाताला लागली. आठही जण आत आले. साडीवाला सगळ्यात आधी चहा घेऊन मनोहरकडं गेला.

शिटी मी ओठांतून काढली.

माझ्याजवळ दोर नव्हता. पण गाडीचा रस्ता नकाशावर होता. त्याच्या दोन वळणांमधलं अंतर नकाशावर मोजलं. दोनशे मीटर, म्हणजे दोन खडे. गूळ तोंडात टाकला, उठलो, पहिल्या वळणावर उभा राहिलो आणि मोजत निघालो. दुसरा खडा डाव्या खिशात पडला तेव्हा दुसरं वळण अजून चांगलं पुढं होतं.

कांताला स्वयंपाकघरातून जे ऐकू आलं ते मला जंगलात दिसलं.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हटलं, "मनोहर, पाऊल लहान पडून राहिलं गा."

मग पुन्हा कंपास लावला. चौथ्या खड्याला थांबलो नाही. जिथं दोनदा परत फिरलो होतो ती जागा मागं पडली. पाचवा खडा डाव्या खिशात टाकला आणि समोर खड्डा दिसला. आत नारिंगी झेंडा. झेंडा लावणाऱ्याची काही चूक नव्हती.

पुढचे दोन कंट्रोल तसेच नव्या हिशोबानं घेतले. पळालो नाही. पळता येतच नव्हतं. मनोहरच्या दगडाशी आलो तेव्हा दोन तास भरायला थोडाच वेळ राहिला होता. शेवटचं भोक पाडताना कार्ड दगडावर ठेवून पंच दाबला.

भोयर केव्हाचाच येऊन उभा होता. मी दुसरा.

सगळे जमले होते. कोहळे साहेबांनी विचारलं, "वामन, एवढा उशीर काहून?"

तोंडात दहा उत्तरं आली. काटा लागला. कंपास अडकला. खड्डा नकाशावर नीट नाही.

"पाऊल लहान पडून राहिलं, साहेब," मी म्हटलं. "मानायला वेळ लागला."

कोणी हसलं नाही.

रोल कॉल सुरू झाला. माझं नाव आलं, मी ओ दिली. दोन नावं आणखी झाली. मग साहेब म्हणाले, "लान्स नायक मनोहर."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. भोयरही माझ्याकडंच पाहत होता.

"भोयर," मी म्हटलं, "नाव घेतलं साहेबांनी. ओ दे."

"भाऊ, तुमीच द्या ना."

"पहिला कोण आला?"

"मी."

"मंग?"

तो सावधान झाला. टाचा वाजल्या.

"हाजिर, साहेब!"

आवाज खणखणीत होता. मला वाटलं होतं, मनोहरच्या नावाला दुसऱ्याचा आवाज मला ऐकवणार नाही. ऐकवला. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मी नसेन तेव्हाही त्याचं नाव घेतलं जाईल, आणि ओ देणारा कोणीतरी लागेल.

त्या गस्तीनंतरच्या हिवाळ्यात मनोहर रेशन आणायला खालच्या पोस्टकडं निघाला होता. नाल्यावरचं बर्फ सुटून त्याच्यावर आलं. तीन दिवस खोदलं. सापडला तेव्हा त्याच्या दोन्ही खिशांत खडे होते. त्याच्या डाव्या खिशातले खडे मोजले तेव्हा कळलं, तो अर्ध्या वाटेवर होता.

जेवणं झाली. लोक बसकडं निघाले. भोयर दगडाजवळ घुटमळत होता.

"उस्ताद," तो म्हणाला, "कसा होता हो तो?"

मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. धुकं, दोर, साडी. साडीला तो हसला. त्यात आमची बस गेली. दुसरी संध्याकाळी होती.

निघताना मी डाव्या खिशात हात घातला. चौथ्या कंट्रोलला यंदा मला एक खडा जास्त लागला होता. तो मनोहरच्या दगडावर ठेवला.